विपश्यनेहून परतलात? ओळखीच्या शब्दांना फसू नका, या चुका टाळा

इगतपुरीहून विपश्यनेचं, म्हणजे मौन पाळून करायच्या ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर करून परतलो, त्याला तीनच दिवस झाले होते. गणिताचा पेपर अवघड गेला म्हणून मुलगी स्वयंपाकघराच्या दारात रडत होती आणि मी सोफ्यावर मांडी घालून निवांत वर्तमानपत्र वाचत होतो. मनात कौतुक चाललेलं, बघा, आत काहीसुद्धा हललं नाही! बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "दहा दिवस तिकडे गप्प होतास ते ठीक. इथे लेक रडतेय."

माझी चूक साधनेत नव्हती, एका शब्दात होती. विपश्यनेतले शब्द पालीतले, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेतले. ते आपल्याला घरचे वाटतात, म्हणून आपण त्यांचा अर्थ विचारतच नाही. इंग्रज किंवा जपानी साधक निदान शब्दकोश तरी उघडतो.

उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड. पालीत उपेक्खा म्हणजे तोल न ढळणं. मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद) आणि उपेक्खा हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या चार उदात्त अवस्था. त्यात ती शेवटी येते, आधीच्या तिघींना हाकलून नव्हे. बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी पाचव्या शतकात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक 'जवळचा शत्रू' सांगितला आहे, म्हणजे त्याच्यासारखाच दिसणारा तोतया. उपेक्खेचा तोतया म्हणजे अजाणतेपणातून आलेली बेफिकिरी. त्या दिवशी सोफ्यावर तोच बसला होता. ओळखायची खूण सोपी आहे: उपेक्खेत मन उकळत नाही, पण माणूस उठतो, पाण्याचा पेला आणून देतो, जवळ बसतो. 'सगळं अनित्य आहे' हे वाक्य रडणाऱ्या माणसाला ऐकवू नका, मयताच्या घरी तर मुळीच नको. ते स्वतःला सांगायचं असतं.

वेदना म्हणजे फक्त दुखणं नव्हे. पालीत वेदना तीन: सुखद, दुःखद आणि धड ही ना धड ती. नवा साधक मात्र गुडघ्यांवरच पहारा देत बसतो आणि पंख्याच्या गार झुळकेला मन कसं लळा लावून घेतं, ते त्याला दिसतच नाही. खरी गंमत तर तिथेच आहे. या लळ्यामागच्या ओढीला पालीत तण्हा म्हणतात, म्हणजे आपली तहानच. हा एक शब्द मात्र मराठीने इमानाने जपलाय.

दुःखद वेदनेसाठी संयुत्तनिकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका संग्रहात, दोन बाणांची उपमा आहे. अजाण माणसाला एक बाण लागतो आणि त्यावर लगेच दुसरा. लोकलमध्ये ठाण्याला कोणी पायावर पाय दिला, हा पहिला. "डोळे फुटले का?" पासून सुरू होऊन डोंबिवली येईपर्यंत मनातल्या मनात चाललेलं भांडण, हा दुसरा. पहिला चुकवता येत नाही. दुसरा डोंबिवलीऐवजी मुंब्र्याला थांबला, तरी त्या दिवसापुरती साधना झाली म्हणायची.

संस्कार. आपल्याकडे संस्कार चांगलेच असतात, आईवडिलांनी केलेले. पालीतला संखार म्हणजे मनाने पुन्हा पुन्हा प्रतिक्रिया देऊन पाडलेली घडी. इथपर्यंत ठीक. पण मग पाठ दुखली तरी 'जुने संस्कार बाहेर पडतायत', पित्त झालं तरी तेच. गुडघा सुजला असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. मन सैरभैर होत असेल, रात्र-रात्र झोप लागत नसेल, तर बैठका वाढवू नका, मनोविकारतज्ज्ञाला भेटा. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही; तिथे लपवू नका.

पहाटे बसलं की डुलकी लागते. शिबिरात चारला घंटा होते आणि आपण उठतो, कारण रात्री साडेनऊला दिवे मालवलेले असतात. घरी साडेबारापर्यंत मोबाइल बघून चारचा गजर लावणं म्हणजे झोपेशी मारामारी. डुलक्या लागल्या म्हणून स्वतःला पापी समजू नका, बुद्धांचे पट्टशिष्य महामोग्गल्लान यांनाही लागायच्या. बुद्धांनी त्यांना एकेक उपाय सांगितला आणि तो ऐकण्यासारखा आहे. ज्या विचारात असताना सुस्ती आली तो सोड. नाही जमलं, तर ऐकलेल्या धम्मावर चिंतन कर, मग तो मोठ्याने म्हण. मग कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशा आणि आकाशातल्या चांदण्या बघ. मनात उजेड आण. येरझाऱ्या घाल. एवढं करूनही नाहीच जमलं, तर उजव्या कुशीवर झोप आणि जाग आली की लगेच ऊठ. निर्वाणाची वाट दाखवणारा माणूस कान ओढायला सांगतो, हे मला फार आवडतं.

हिशेब ठेवणं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, ॲपमध्ये सलग शंभर दिवस, आणि एकशे एकाव्या दिवशी पाहुणे आले म्हणून घरात आदळआपट. जागृतीच्या पहिल्याच पायरीवर, सोतापन्न अवस्थेत, तीन बंधनं तुटतात असं म्हणतात. त्यातलं एक म्हणजे सीलब्बतपरामास, नुसत्या व्रतवैकल्यांनाच धरून बसणं. आपण उपासतापास सोडले आणि त्यांच्या जागी ॲप आणलं. अंगभर झिणझिण्या आल्या की 'पोचलो' असं वाटणं हाही त्यातलाच प्रकार. झिणझिण्या येतात, जातात. त्या पुन्हा याव्यात म्हणून बसलात, तर ती तहानच.

शील वगळून थेट ध्यान. विहारात पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम, आपण तोंडपाठ म्हणतो, 'मुसावादा वेरमणी' (खोटं बोलण्यापासून दूर राहीन) ठसक्यात म्हणतो. चोरी, दारू यांचा विचार तरी होतो. खोटं बोलणं मात्र इतकं बारीक असतं की नजरेतून सुटतं. मी एक आठवडा फक्त फोनवरचं खोटं मोजलं. सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य निघालं, "निघालोय, रस्त्यातच आहे." बहुतेक वेळा कमरेला टॉवेल असायचा.

गेल्या रविवारी मित्राचा फोन आला तेव्हा धीर करून सांगून टाकलं, "अजून घरीच आहे रे, आंघोळही व्हायचीय."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. मीपण अंथरुणातच आहे."