जुन्या चांदीच्या रुपयांचा संच विकत घेताना किंमत कशी ठरवावी

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा एखाद्या वाड्यातील सामान निघते तेव्हा मखमलीच्या चौकटीत बसवलेले चार-पाच चांदीचे रुपये पुष्कळदा दृष्टीस पडतात. ‘विल्यमपासून सहाव्या जॉर्जपर्यंत पूर्ण संच’, म्हणजे चौथ्या विल्यमपासूनच्या सर्व ब्रिटिश राज्यकर्त्यांची नाणी, असे सांगून विक्रेता त्यांची एकच ठोक किंमत मागतो. येथे प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे हे संच टाकसाळीने काढलेले नसून नंतर कोणीतरी जुळवलेले असतात. त्यामुळे संच म्हणून त्यांना वेगळे मोल नसते. प्रत्येक नाणे चौकटीतून बाहेर काढून त्याची स्वतंत्र किंमत ठरवावी आणि मग बेरीज करावी. विक्रेता नाणी बाहेर काढू देत नसेल, तर तो व्यवहार सोडून देणेच योग्य.

किमतीचा पाया म्हणजे नाण्यातील शुद्ध चांदी. १८३५ पासून कंपनी सरकारचा आणि पुढे ब्रिटिश राजवटीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. यावरून एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी निघते. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली आणि १९४० ते १९४५ या वर्षांचे रुपये वजनाने तेवढेच ठेवून निम्म्या चांदीचे पाडण्यात आले, म्हणून त्यांत केवळ ५.८३ ग्रॅम चांदी आहे. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटते. हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला शंभर रुपये धरला, तर १९१६ च्या रुपयाची चांदी १,०६९ रुपयांची आणि १९४४ च्या रुपयाची ५८३ रुपयांची होते. दोन्ही नाणी हातात सारखीच जड लागतात, आणि नवख्या ग्राहकाची फसगत बहुतेक वेळा नेमकी येथेच होते.

वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा पुरतो. बरीच वर्षे चलनात फिरलेला रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरला तर ती स्वाभाविक झीज समजावी. मात्र झीज दिसत नसताना वजन अकराच्या खाली किंवा बाराच्या वर गेले, तर संशय धरावा. नुसत्या वजनावर विसंबून राहू नये, कारण बनावट नाणे जाड करून वजन जुळवता येते. त्यासाठी पाण्याची परीक्षा करावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाणे बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असे पाण्यात लोंबते धरावे आणि आकडा वाचावा. बारांत अकरा भाग चांदी असलेल्या पूर्ण वजनाच्या रुपयाला तो १.१३ ग्रॅमच्या आसपास येतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला सुमारे १.२२ आणि तांबे-निकेलच्या नकलेला १.३० च्या पुढे जातो. नाण्याला ओरखडाही न पडता धातू कळतो, म्हणून ही परीक्षा मला कसोटीच्या दगडापेक्षा कितीतरी श्रेयस्कर वाटते. सराफाकडे टंच काढण्याचे, म्हणजे धातूची शुद्धता मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तमच.

चांदीच्या वर जी किंमत चढते, ती दुर्मिळतेची आणि स्थितीची. नाणे जितके जुने तितके मौल्यवान, हा समज मात्र चुकीचा आहे. १८३५, १८४० आणि १८६२ ही वर्षे रुपयांवर ‘गोठलेली’ आहेत, म्हणजे तोच सन पुढे अनेक वर्षे छापला जात राहिला. १८६२ चा राणी छाप रुपया १८७४ मध्ये सन बदलेपर्यंत पाडला जात होता, त्यामुळे तो आजही मुबलक मिळतो. मुंबईच्या टाकसाळीने खरे वर्ष ओळखण्यासाठी मागील बाजूस ठिपके दिले आहेत. त्या ठिपक्यांची संख्या आणि जागा यांवरून काही प्रकार दुर्मिळ ठरतात आणि ते भिंगाखालीच कळतात.

याउलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहावा. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड आखूड आणि पाय बुटके झाल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेण्यात आली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून कोरला गेला. म्हणून १९११ चा रुपया त्याच राजाच्या नेहमीच्या रुपयांपेक्षा महाग असतो. सर्वांत जपून राहावे ते १९३९ च्या रुपयाबाबत. तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच १९३८ चा शेवटचा अंक कोरून केलेल्या नकला फिरतात. त्या अंकाच्या मुळाशी खरवड, डाग किंवा रंगातील फरक आहे का, हे दहापट भिंगातून तपासावे. कडही पाहावी, १९४० पासूनच्या रुपयांच्या कडेला मधोमध चर असतो, तो १९३९ च्या नाण्यावर दिसला तर ते नाणे नकली आहे. आठव्या एडवर्डच्या नावाने भारतात रुपया निघालाच नाही, आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेले, रामदरबाराचे चित्र असलेले नाण्यासारखे तुकडे ही चलनातील नाणी नव्हेत. एखाद्या संचात यांपैकी काही आढळले, तर बाकीची नाणीही दुप्पट काळजीने तपासावीत.

स्थितीच्या बाबतीत आपल्या घरांतील नाण्यांना दोन व्याधी विशेष असतात. पहिली म्हणजे दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चिंच, राख किंवा रांगोळीने घासणे. असे नाणे लखलखते, पण तिरके धरले की समांतर बारीक रेघा दिसतात आणि राणीच्या कानावरचे केस सपाट झालेले आढळतात. संग्राहक अशा नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फारसे अधिक देत नाही. काळसर पण तीक्ष्ण नक्षीचे नाणे त्याला अधिक प्रिय असते. म्हणून घेतलेले नाणेही घासू नये. दुसरी व्याधी कडीची. रुपयांच्या माळा करण्याची रीत असल्याने कित्येक नाण्यांना कडी जडवलेली होती. ती काढून घासली तरी मुकुटाच्या वर कडेवर डाग देऊन जोडल्याची खूण आणि बुजलेले दाते राहतात. अशा नाण्याला मोडीचा भाव द्यावा, मग सन कोणताही असो.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या टाकसाळीने मात्र खरे संच काढले. तेथे मूळ डबी आणि कागद यांना निश्चित किंमत आहे, आणि प्रूफ नाण्याच्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास झळाळीने पाडलेल्या नाण्याच्या, आरशासारख्या पृष्ठावर बोटाचा ठसाही किंमत कमी करतो. धातू येथेही पाहावा लागतो. १९६९ चे गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे आणि ८० टक्के चांदीचे, म्हणजे त्यात १२ ग्रॅम चांदी. १९७२ चे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे दहा रुपयांचे नाणे साडेबावीस ग्रॅमचे असूनही त्यात चांदी निम्मीच, सव्वाअकरा ग्रॅम.

आता एका वहीत प्रत्येक नाण्यापुढे सन, टाकसाळीची खूण, वजन, शुद्ध चांदी आणि दोष लिहावेत व त्या दिवशीच्या भावाने चांदीची बेरीज करावी. सामान्य सनांच्या झिजलेल्या रुपयांना त्याहून थोडेच अधिक द्यावे. ज्या एखाद्या नाण्यासाठी भरीव रक्कम मागितली जाते, त्याची तुलना मान्यवर नाणे-लिलावांत त्याच सनाच्या आणि त्याच स्थितीच्या नाण्याला प्रत्यक्ष मिळालेल्या किमतीशी करावी. जाहिरातीत मागितलेली किंमत प्रमाण मानू नये. परदेशातील नातेवाइकासाठी खरेदी करत असाल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, हे पैसे देण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.