निलगिरी तेल वापरताय? या चुका टाळा

उटीहून परतणाऱ्या बॅगेत होममेड चॉकलेट, चहापत्ती आणि निलगिरी तेलाची बाटली हे त्रिकूट ठरलेलं. चॉकलेट आठवड्यात संपतं, चहा महिन्याभरात. बाटली मात्र वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते आणि सर्दी, सांधेदुखी, ढेकूण, फरशी, जे समोर येईल त्यावर ओतली जाते. ओतली जाते, तिथेच घोळ होतो. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की लक्षात येतं, लोक 'हे चालेल का?' असं विचारतात, 'किती थेंब?' असं विचारणारा विरळाच. या तेलाचे बहुतेक अपघात दोनच कारणांनी होतात: जास्त घेतलं, नाहीतर नको तिथे ठेवलं.

झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. इंग्रजांनी १८४३ मध्ये ते जळणासाठी निलगिरीच्या डोंगरात आणून लावलं. पानांतून वाफ सोडून तेल काढतात. औषधी दर्जाच्या तेलात साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त सिनिओल, म्हणजे या तेलातला मुख्य वासाचा घटक, असतं. बाटलीचं झाकण उघडताच नाकात गारवा जाणवतो, तो त्याच्यामुळे. हा गारवा नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मिळालेला संदेश असतो. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, आराम पडतो. आतली सूज मात्र होती तिथेच असते. त्यामुळे 'वास घेतला, पण तासाभरात नाक पुन्हा बंद' ही तक्रार तेलाच्या दर्जाची नाही. थेंब वाढवून ती सुटतही नाही.

तेलाची ताकद बघायची असेल तर टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घ्या आणि त्यावर एक थेंब टाका. थोड्याच वेळात थेंबाखाली खळगा पडायला लागतो आणि तळाशी चिकट राळेसारखा चिखल उरतो. खोबरेल तेलाने असं होत नाही. निलगिरीचं तेल प्लास्टिक आणि गोंद विरघळवतं. नव्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकरचा चिकटा काढायला माझ्या मते याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. पण मग तेच तेल बाळाच्या छातीवर निव्वळ चोळायचं का, याचा विचार आपोआप व्हायला हवा.

वाफारा: सगळ्यात जास्त चुका इथेच

नेहमीची पद्धत अशी: पातेलं गॅसवर, पाणी खळखळतंय, त्यात झाकणभर तेल, आणि डोक्यावर टॉवेल घेऊन माणूस गॅसपाशीच वाकलेला. एकाच पातेल्यात चार चुका.

पहिली चूक आचेची. या तेलाच्या वाफेला पेट घ्यायला पन्नास अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. शेजारी ज्योत आणि डोक्यावर सुती टॉवेल, म्हणजे नको तो योग. दुसरी, तेल पाण्यात मिसळत नाही, ते तरंगतं. उकळत्या पाण्यावर पडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळा भपका एकदम वर येतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, आणि त्यानंतर उरते नुसती पाण्याची वाफ. तिसरी, झाकणभर म्हणजे कितीतरी मिलिलिटर. हवेत दोन किंवा तीन थेंब. चौथी, गरम पातेलं मांडीवर किंवा पलंगावर घेणं. वाफाऱ्यात लोक भाजतात ते बहुतेकदा वाफेने नव्हे, पाणी सांडून.

पाणी उकळलं की गॅस बंद करा. रुंद बुडाच्या पातेल्यात ओतून ते टेबलावर ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटं निवू द्या. मग थेंब टाका, डोळे मिटा, चेहरा हातभर लांब ठेवा. चुरचुरलं तर डोकं बाहेर काढा. 'सहन केलं की गुण येतो' हे खरं नाही. दम्याच्या माणसाला या उग्र वासाने उलट धाप लागू शकते. त्याने साध्या पाण्याची वाफ घ्यावी, तीही डॉक्टरांना विचारून. लहान मुलांना टॉवेलखाली कोंडून वाफारा देऊच नये.

आणखी एक प्रकार हल्ली कानावर येतो: नेब्युलायझरच्या कपात दोन थेंब निलगिरी. कृपा करून हे करू नका. नेब्युलायझर औषधाचे इतके बारीक कण करतो की ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. तिथे तेल गेलं तर फुप्फुसाला सूज येऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

बाळाची सर्दी

आजीच्या काळापासून चालत आलंय, तरी सांगायलाच हवं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ, चेहऱ्यावर, छातीवर निलगिरी, कापूर किंवा मेंथॉल असलेलं काहीही लावू नये. इतक्या लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात, उग्र वासाने त्या आकसू शकतात आणि श्वास अडकू शकतो. उशीवर शिंपडणं, झबल्याला पुसणं, पाळण्याला पुरचुंडी बांधणं हेही त्यातच आलं. नाक चोंदलं असेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब आणा. त्यांनी काम होतं.

पुरचुंडीवरून आठवलं. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढेल, असा मेसेज घराघरात फिरला. ऑक्सिजन वगैरे काही वाढत नाही. कापूर आणि निलगिरी मात्र दोन्ही मेंदूला उत्तेजित करतात. दक्षिण भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी या दोन तेलांच्या वापरानंतर फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यातल्या काहींना आधी कधीही फिट आलेली नव्हती. घरात कोणाला आकडीचा त्रास असेल तर हे तेल घरात न आणणंच बरं. गरोदर बाईनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

अंगाला लावल्यावर आग होते

म्हणजे तेल निव्वळ लावलंय. नेहमी खोबरेल, तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात मिसळून घ्या. हिशोब सोपा आहे: १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब. ३० मिलिलिटर खोबरेलात १२ थेंब घातले की दोन टक्के होतात, गुडघ्याला किंवा पाठीला एवढं पुष्कळ. नाजूक त्वचेला ६ थेंब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा.

आग व्हायला लागली की आपण पाण्याखाली हात धरतो. त्याने तेल निघत नाही, नुसतं पसरतं. आधी त्यावर भरपूर साधं तेल, अगदी स्वयंपाकाचं गोडेतेलही चालेल, चोळून कापडाने पुसून काढा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं असेल तर मात्र तेलबिल काही नाही. वाहत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. तेल लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणं हाही आवडता उद्योग. उष्णतेने तेल कातडीत जास्त मुरतं आणि फोड येतात. शेक आणि तेल वेगवेगळ्या वेळी.

डिफ्यूझरच्या तक्रारी

डिफ्यूझर म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकून खोलीत वासाची वाफ सोडणारं मशीन. 'वासच येत नाही' ही पहिली तक्रार. बऱ्याचदा वास येत असतो, आपलं नाक सरावलेलं असतं. दहा मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग ठरवा. न ठरवता थेंब वाढवत गेलं की रात्री डोकं धरतं. १०० मिलिलिटर पाण्याला तीन ते पाच थेंब, अर्धा तास चालू आणि मग बंद, खिडकी किंचित उघडी. तरीही वाफच येत नसेल तर तळाच्या गोल चकतीवर तेलाचा थर बसलेला असतो. मशीन बंद करून, प्लग काढून, कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. टाकी तडकली असेल तर थर्माकोलची गोष्ट आठवा: तेल थेट प्लास्टिकवर टाकू नका, पाणी भरून मग थेंब. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर नकोच, मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

विकत घेताना आणि ठेवताना

कोऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट डाग शिल्लक असेल तर त्यात खाद्यतेलासारखं काहीतरी मिसळलंय. टर्पेंटाइन मिसळलं असेल तर ते या परीक्षेत पकडलं जात नाही, म्हणून बिनलेबलच्या बाटलीचा मोह टाळा. लेबलवर युकॅलिप्टस ग्लोब्युलस आहे का बघा. लिंबासारखा वास येणारं सिट्रिओडोरा हे वेगळं तेल, त्यात सिनिओल नाही तर सिट्रोनेलाल जास्त. सर्दीला ते आणून उपयोग नाही. बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी. जुनं तेल हवेने बिघडतं आणि त्वचेला जास्त झोंबतं. ते फरशी पुसायला वापरा.

पोटात गेलं तर

जागेचा प्रश्न इथे जिवावर येतो. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या अभ्यासात दिसलं की मुलांना हे तेल बहुतेक वेळा जमिनीवर ठेवलेल्या वेपोरायझरमधून, म्हणजे खोलीत वाफ सोडणाऱ्या यंत्रातून, मिळालं होतं. आपल्याकडे तीच जागा पलंगाशेजारच्या स्टुलाची. लहान मुलाच्या पोटात चमचाभर, कधी त्याहूनही कमी गेलं तर सुस्ती, तोल जाणं, उलटी, फिट, बेशुद्धी इथपर्यंत जाऊ शकतं, आणि बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत.

ओकारी काढायला लावू नका. उलटीतून तेल श्वासनलिकेत उतरण्याचा धोका जास्त असतो. मीठ-पाणी नाही, दूध नाही. तोंडातलं ओल्या फडक्याने पुसा, मुलाला कुशीवर ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. मूल ठणठणीत खेळत असलं तरी न्या, कारण लक्षणं काही तास उशिराही दिसू शकतात. जाताना बाटली बरोबर घ्या: किती उरलंय आणि कापूर-मेंथॉल मिसळलेलं होतं का, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.