पावसाळा आणि खुराड्याभोवतीच्या माश्या: आधी ओल शोधा

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले, की खुराड्याभोवती माश्या घोंगावू लागतात. पहिल्या दिवशी नाही, आठ-दहा दिवसांनी. उबदार हवेत घरमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र साधारण ७ ते १० दिवसांत पुरं होतं, म्हणून हा हिशेब. अंडी दिवसभरात फुटतात, अळी चार ते सात दिवस ओल्या शिटेत वाढते आणि मग जरा कोरडी जागा बघून कोषात जाते. एक मादी एका खेपेला ७५ ते १५० अंडी घालते आणि अशा खेपा बऱ्याच होतात. आज तुमच्या डोक्याभोवती फिरणारी माशी ही मागच्या आठवड्यातली चूक आहे. ती मारून पुढच्या आठवड्याचं काही भागत नाही.

कोंबडीची ताजी शीट म्हणजे चारात तीन भाग पाणी. अळीला तेच हवं असतं. तीच शीट वाळून ओल निम्म्याच्या खाली गेली की अळ्यांची वाढ रखडते, आणि ३० टक्क्यांच्या आसपास आली की त्यात माशी धरत नाही. माझ्या मते परसातल्या माश्यांचा सगळा बंदोबस्त या एका गोष्टीत आहे. बाकीचं वरवरचं.

तेव्हा सकाळी हातात फवारा न घेता खुरपं घ्या आणि खुराड्याला एक फेरी मारा. पहिला थांबा पाण्याच्या भांड्याशी. कोंबडी पाणी पिताना सांडतेच, त्यामुळे भांड्याभोवती हातभर वर्तुळात गादी (जमिनीवर अंथरलेला भुसा-तूस) काळी आणि दबलेली दिसेल. तिथे खुरपं घालून उलथा. बहुतेक वेळा पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. ती गादी उचलून टाका, भांडं विटांवर किंवा जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. निपल (चोचीने दाबल्यावर पाणी देणाऱ्या तोट्या) असतील तर खाली कोरडा पुठ्ठा ठेवून रात्री गळती तपासा. दुसरा थांबा वळचणीचा. पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत असतील तर पत्रा किंवा ताडपत्री हातभर पुढे काढा, बाजूने चर मारा. तिसरा थांबा खाद्याच्या भांड्याखाली. सांडलेलं खाद्य भिजून आंबलं की ते शिटेपेक्षाही माशीच्या आवडीचं.

गादीतली ओल मुठीत कळते. मूठभर घेऊन दाबा आणि हात उघडा. लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे. हळूहळू सुटला तर ठीक. मुळीच वळला नाही आणि धूळ उडाली, तर जरा जास्तच कोरडी. लाडू वळत असेल तर कोरडा भुसा किंवा तूस घाला, दंताळ्याने खालवर करा आणि वारा खेळू द्या. भिजू नये म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आतला दमटपणा आतच कोंडतो. वरचा फूट-दीड फूट जाळी उघडी राहिली पाहिजे.

सुरुवातीला मी माश्या वाढल्या की खुराडं रोज पाण्याने धुऊन काढायचो. जमीन लखलखीत, आणि माश्या दुप्पट. धुतलेलं सगळं पाणी मागच्या कोपऱ्यात मुरत होतं आणि तिथेच अळ्यांची फौज तयार होत होती. तेव्हापासून पावसाळ्यात खरवडतो, झाडतो, धूत नाही.

कोंबड्या रात्रभर दांडीवर बसतात, म्हणून बरीचशी शीट दांडीखाली एका पट्ट्यात पडते. तिथे फळी किंवा पत्रा टाका, वर भुशाचा पातळ थर द्या आणि आठवड्यातून दोनदा खरवडा. दोनदाच का, तर पंधरवड्याने एकदा साफ केलं तर त्या मधल्या काळात माशीची एक पूर्ण पिढी उडून जाते. तीन-चार दिवसांनी उचललं तर अळी अळीच राहते.

खोल गादी, म्हणजे थरावर थर चढत गेलेली जाड गादी, असेल तर मात्र एकाच दिवशी सगळी उपसू नका. जुन्या कोरड्या थरात आपले साथीदार असतात: माशीची अंडी खाणारे कोळीकीटक, लहान काळे भुंगेरे आणि मुंगीहून छोट्या परोपजीवी गांधीलमाश्या. या गांधीलमाश्या माणसाला चावत नाहीत, माशीच्या कोषात अंडी घालतात. गादीच्या कडेला तांबूस-तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढे कोष मिळतात. काही हातावर घेऊन पाहा. एका टोकाची टोपी उडालेली असेल तर आतून माशी गेली. बारीक गोल भोक असेल तर गांधीलमाशीने काम केलंय. अशी भोकं दिसत असतील तर गादीवर कीटकनाशक मारणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. माश्या लवकर भरून येतात, हे साथीदार सावकाश. म्हणून अर्धी गादी आज, अर्धी दोन-तीन आठवड्यांनी.

काढलेलं खत कुठे जातं? खुराड्यामागे ढीग लावला तर फक्त पत्ता बदलला. ढीग लांब आणि उंचवट्यावर लावा. भुसा, पालापाचोळा असं कोरडं मिसळा आणि वरून वीतभर कोरडा थर किंवा घट्ट दाबलेलं प्लास्टिक टाका. चांगला तापलेला ढीग आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि त्यात अळ्या मरतात, पण कडा थंडच राहतात आणि अळ्या तिकडे सरकतात. म्हणून उलथताना कडेचं मधे गेलं पाहिजे.

इतकं करूनही शीट पातळच पडत असेल तर दोष गादीचा नाही. खाद्यात मीठ जास्त झालं, जंत झाले किंवा रक्ती हगवण लागली तरी तसं होतं. शीट लालसर दिसली तर पशुवैद्यकाला दाखवा.

माशी कोणती हेही बघा. करडी घरमाशी शिटेतून येते. हिरवी-निळी चमकणारी माशी आली तर कुठेतरी मेलेला उंदीर, फुटलेलं अंडं किंवा मेलेलं पिल्लू आहे, ते शोधा. ढिगात चपट्या, जाड, मातकट अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सोल्जर माशीच्या असू शकतात. त्यांना राहू द्या, त्या असतात तिथे घरमाशीला जागा मिळत नाही.

सापळे लावायला हरकत नाही, पण वासाचा सापळा माश्या बोलावूनच मारतो. तो खुराड्यात टांगला तर दूरच्याही माश्या घरी येतील. दहा-पंधरा पावलं लांब, वाऱ्याची दिशा बघून टांगा. चिकट पट्टी कोंबडीच्या उडीच्या टप्प्यात नको, पिसं चिकटली की सोडवताना कातडी सोलते. विषारी दाणेदार आमिष कोंबड्या टिपतात, म्हणून ते त्यांच्या आवारात नकोच. फवाऱ्यावर फार भिस्त ठेवू नका. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या १९४० च्या दशकातच दिसल्या होत्या. मारायचाच तर कोंबड्यांच्या जागेसाठी मान्य असलेला, लेबलवर अंड्यांबाबत काय लिहिलंय ते वाचून, भिंतींवर मारा. चुन्याची फक्की ओल्या जागेवर भुरभुरा, कोंबड्या बाहेर असताना. कळीचा चुना मात्र नको, तो पाय भाजतो.

फरक पडतोय का ते पाहायला वहीचं पांढरं पान कापून, तळहाताएवढं, आढ्याजवळ टाचा. माशी बसली की ठिपका सोडते. आठवड्याने ठिपके मोजा, तारीख लिहा, नवं पान लावा. ५० च्या वर गेले तर पुन्हा खुरपं घेऊन फेरी मारा.

एक गोष्ट रोजची. झडीच्या दिवसांत प्रत्येक कोंबडी उचलून शेपटीखाली बघा. तिथली पिसं शिटेने माखून ओली राहिली की हिरवी माशी त्यातच अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात. पिसं कापा, कोमट पाण्याने धुवा, अळ्या चिमट्याने काढा, पूर्ण वाळवा, कोंबडी वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकाला गाठा. मेलेला पक्षी तर दिसल्या क्षणी उचला. त्यातल्या अळ्या टिपल्याने इतर कोंबड्यांना बोट्युलिझम, म्हणजे लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. माना लुळ्या पडल्या की त्यातल्या फार थोड्या वाचतात.