लघवीच्या संसर्गावरची गोळी: या चुका टाळा

"भाऊ, उन्हाळी लागलीय. मागच्या वेळचीच गोळी द्या." गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात औषधांचं दुकान चालवताना मे महिन्यात हे रोज कानावर येतं. चुकांची सुरुवात इथेच होते.

मागच्या वेळची गोळी बहुतेकदा नायट्रोफ्युरँटॉइन असते. मूत्रपिंडं ती इतक्या झपाट्याने गाळतात की रक्तात ती नावापुरती उरते आणि लघवीत मात्र भरपूर जमते. म्हणून मूत्राशयातल्या जंतूंवर ती छान चालते. पण हुडहुडी भरून ताप आला, कुशीत दुखू लागलं, तर जंतू मूत्रपिंडाच्या मांसात शिरलेले असू शकतात, आणि तिथे ही गोळी पुरेशी पोचत नाही. जळजळ थोडी कमी होते, माणूस आणखी दोन दिवस घरी काढतो. मला धास्ती वाटते ती त्या दोन दिवसांची, कारण तेवढ्यात संसर्ग रक्तात पसरू शकतो. असा ताप असेल तर माझ्याकडे येऊ नका. डॉक्टर गाठा, रात्र असेल तर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ.

बायकोची उरलेली पट्टी नवऱ्याने घेणं हीसुद्धा नेहमीची चूक. पुरुषाच्या संसर्गात प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) सापडलेलं असू शकतं, आणि त्या ग्रंथीत मोजकीच औषधं नीट शिरतात. नायट्रोफ्युरँटॉइन त्यांतलं नाही.

वयस्कांनी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट डॉक्टरांना आधी दाखवावा. मूत्रपिंडं मंदावली की हीच गोळी लघवीत कमी उतरते, रक्तात साचते. मग हातापायांना मुंग्या येऊ शकतात. गोळी जेवणासोबत घ्या. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली म्हणून घाबरून बंद करू नका, तो औषधाचाच रंग. जळजळीसाठी सायट्रेटचं पातळ औषध मात्र मनाने जोडू नका. लघवीची आम्लता कमी झाली की या गोळीचा जोर घटतो.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे दुसरं जंतुनाशक लिहून दिलं असेल तर ते नुसत्या दुधाबरोबर घेऊ नका. लोहाची किंवा ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर सिप्रो तिच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्या, नाहीतर पोटातच दोन्ही एकमेकांना बांधून घेतात.

आणि कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, सांगितलं असेल तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या. एक आजोबा खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन आले होते, स्कूटरच्या डिकीत दोन तास तापलेली. त्या उबेत जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसतो. त्यांना लॅबची निर्जंतुक डबी दिली आणि सांगितलं: पहिली धार सोडा, मधली धरा, तासाभरात पोचवा.