मुलांच्या शाळेतून पालकांना सूचना कशी लिहावी, म्हणजे ती घरी पोहोचेल

मुलांच्या माध्यमिक शाळेत चिठ्ठी मुलाच्या हाती दिली म्हणजे ती घरी पोहोचली, असं धरून चालू नका. आठवी-नववीतला मुलगा ती चार घड्या करून पँटच्या खिशात घालतो आणि रविवारी धुण्याच्या बादलीतून तिचा लगदा निघतो. आईने विचारलं, "आज शाळेत काय सांगितलं?" तर उत्तर एकच: "काही नाही." मुलाच्या मनात वाईट काही नसतं. त्या वयात शाळा शाळेच्या जागी आणि घर घराच्या जागी ठेवावंसं वाटतं. तेव्हा त्याला निरोप्या करू नका, थेट घराशी बोला. आधी वर्गशिक्षक म्हणून आणि नंतर शाळेची सगळी परिपत्रकं माझ्याकडे आल्यावर जे खरोखर उपयोगी पडलं, तेवढंच इथे सांगतो.

नंबर जूनमध्येच गोळा करा. आईचा आणि वडिलांचा, दोन्ही. त्यातला एक तरी फोन संध्याकाळी मुलाच्या हातात नसणारा हवा. ही अट सोडू नका. व्हॉट्सॲपच्या गटात फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल असं ठेवा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली सूचना गाडली जाते.

मजकूर थेट गटात टाइप करा. लेटरहेडवर छापून, शिक्का मारून, त्याचा तिरका फोटो पाठवण्याची पद्धत बंद करा. तो फोटो मोठा करून वाचायला आजोबांना जमत नाही आणि नंतर शोधताही येत नाही. सही-शिक्क्याची प्रत फाइलला लावायची असते.

आता अवघड भाग. पालकांनी नेमकं काय करायचं, हे सांगणारं वाक्य. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि बहुतेक सूचना फसतात त्याही इथेच. दहावीच्या प्री-लिस्टचं उदाहरण घेऊ. बोर्डाकडे अर्ज ऑनलाइन भरले की शाळेला प्री-लिस्ट मिळते. त्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, फोटो असं सगळं असतं आणि त्यातलीच नावं, जन्मतारीख पुढे गुणपत्रिका-प्रमाणपत्रांवर उतरतात. याची नेहमीची सूचना अशी असते: "सर्व पालकांना कळविण्यात येते की, इयत्ता दहावीची प्री-लिस्ट प्राप्त झाली असून पालकांनी त्वरित शाळेत उपस्थित राहून स्वाक्षरी करावी."

पालक येतात. बाहेर रिक्षा उभी असते किंवा कारखान्याची पाळी गाठायची असते. शिक्षक बोट ठेवतील तिथे सही करतात आणि निघतात. सूचनेने सही मागितली, सही मिळाली. तपासणी कोणी मागितलीच नव्हती. मग निकालानंतर कोणीतरी प्रमाणपत्र घेऊन येतं. आईच्या नावात एक अक्षर कमी असतं, आणि तिथून अर्ज, प्रतिज्ञापत्र, बोर्डाच्या विभागीय मंडळाच्या खेपा सुरू होतात. पुढे पासपोर्टला, जात पडताळणीला हेच प्रमाणपत्र पुढे करायचं असतं.

तीच सूचना मी अशी लिहितो:

"दहावी अ: बोर्डाच्या अर्जातली माहिती तपासायला या.
शनिवार, 13 डिसेंबर 2025, सकाळी 8 ते 11, खोली क्र. 4.
आई किंवा वडील, कोणीही एक. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड सोबत आणा.
मुलाचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, विषय आणि फोटो स्वतः वाचा. इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर बघा. नंतरच सही करा.
शनिवारी जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांना फोन करा, दुसरी वेळ देऊ."

पहिल्या ओळीत इयत्ता, तुकडी आणि काम. "महत्त्वाची सूचना" असं शीर्षक कधीही देऊ नका. शाळेची प्रत्येक सूचना महत्त्वाचीच म्हणवते आणि फोनवर न उघडता पहिली एखादी ओळच दिसते. ती ओळ तुम्ही "महत्त्वाची"वर खर्च केलीत तर दहावीच्या पालकाला हे आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

वार, तारीख आणि साल, तिन्ही लिहा. "उद्या" हा शब्द सूचनेत वर्ज्य समजा. संध्याकाळी पाठवलेला मजकूर वडील रात्रपाळीवरून आल्यावर सकाळी वाचतात, तेव्हा तुमचा उद्या त्यांचा आज झालेला असतो. साल यासाठी, की मागच्या वर्षीच्या सूचना फिरत फिरत पुन्हा गटात येतात आणि लोक सुट्टी धरून बसतात.

काय वाचायचं ते एकेक करून सांगणं हा या सूचनेचा प्राण आहे. "नाव बरोबर आहे ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, कारण मराठीत ते बरोबरच असतं. घोटाळा इंग्रजीत असतो: सौरभला 'एयू' की 'ओयू', दीपकला दोन 'ई' की एक 'आय'. आधारवर एक आणि अर्जात दुसरं. सोबत कागद असला की पालक अक्षराला अक्षर लावून बघतो, कागद नसला की आठवणीवर सही होते. म्हणून जन्मदाखला आणायला सांगण्याची ओळ कितीही घाई असली तरी गाळू नका.

शेवटची ओळ, म्हणजे जमणार नसेल तर काय करायचं, ही बहुतेक शाळा लिहीतच नाहीत. तिच्याशिवाय रोजंदारीवर जाणारा बाप गप्प बसतो. एका दिवसाचा रोज बुडवून येणं परवडत नाही आणि तसं सांगायचा संकोच वाटतो. ओळ असली की तो फोन करतो.

आणखी एक गोष्ट ठासून सांगतो. नावाची पहिली सूचना नववीतच गेली पाहिजे. बोर्डाच्या अर्जात नाव येतं ते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून, म्हणजे प्रवेश घेताना मुलाची नोंद होते त्या वहीवरून. रजिस्टरमधलंच नाव चुकलेलं असेल तर पुरावे जोडून, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन ते दुरुस्त करावं लागतं, त्यात महिने जातात. मुलगा शाळेत आहे तोवर ते शक्य असतं, शाळा सोडल्यावर फार कठीण होऊन बसतं. दहावीच्या डिसेंबरात पालकाला हे सांगणं म्हणजे त्याला नुसती काळजी देणं आहे.

कागद बाहेरून आणावा लागणार असेल तर शेवटच्या तारखेपासून मागे मोजत या. आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचंच बघा. पात्र ठरलेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 3,50,000 रुपयांच्या आत असावं लागतं. म्हणजे तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आला. तो सेतू केंद्रातून हातात पडायला दिवस लागतात. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात गटात सूचना टाकली तर हुशार मुलगा केवळ दाखल्यापायी मागे राहतो. परीक्षेची जाहिरात येण्याची वाट न बघता आठवीच्या सुरुवातीलाच पालकांना दाखला काढून ठेवायला सांगा.

पैशांच्या सूचनेत रक्कम, कशासाठी, कोणाकडे द्यायची आणि पावती मिळेल हे लिहा. सहल ऐच्छिक असेल तर ऐच्छिक हा शब्द रकमेच्या आधी आला पाहिजे. फी राहिलेल्या मुलांची नावं गटात टाकणं हा मुलाचा अपमान आहे. चौदा वर्षांचा मुलगा तो विसरत नाही. अशा घरी फोन करा, तोही मुख्याध्यापकांनी किंवा वर्गशिक्षकांनी स्वतः.

मुसळधार पावसात सुट्टी आहे का, म्हणून सकाळी सहापासून फोन सुरू होतात. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा महापालिकेचा आदेश डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही लिहू नका. लिहाल तेव्हा त्या दिवशीच्या घटक चाचणीचं काय, तेही त्याच सूचनेत सांगा.

जंतनाशक दिनाच्या आदल्या दिवशी एवढंच: मुलगा जेवून येऊ दे, गोळी शाळेतच चावून खायची आहे, आजारी असेल तर वर्गशिक्षकांना कळवा.

आनंदाच्या बातमीला मात्र हात आखडू नका. खेळाडूचं पूर्ण नाव, इयत्ता, खेळ, वयोगट आणि स्पर्धा तालुक्याची की जिल्ह्याची, हे नीट लिहा. राखीव खेळाडूंचीही नावं द्या. ती बातमी घरोघरी वाचली जाते, गावाला पाठवली जाते.

एका सूचनेत एकच काम ठेवा. प्री-लिस्ट, सहल आणि पालकसभा एकत्र कोंबलीत तर सहल तेवढी लक्षात राहते.

पाठवून झाल्यावर तोच मजकूर मोठ्या अक्षरांत फाटकाजवळच्या फलकावर लावा. नातवाला न्यायला येणारे आजोबा तो वाचतात. मुलांना वर्गात दैनंदिनीत एक ओळ लिहून घ्यायला लावा आणि दुसऱ्या दिवशी पालकांची सही बघा. मुदतीच्या दोन दिवस आधी यादी घेऊन बसा. जे आले नाहीत, ज्यांनी फोन केला नाही, त्यांना संध्याकाळी सातनंतर फोन लावा. पहिल्या नंबरवर मुलानेच फोन उचलून "बाबा बाहेर गेलेत" असं सांगितलं, तर दुसऱ्या नंबरवर लावा.