सँडरची धूळ घरभर उडायलीय? सायकलची जुनी ट्यूब अन् रंगाची बादली वापरा

उन्हाळ्यात जुनी सागवानी दारं घासायला काढली की सँडरची, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनची, बारीक भुकटी पार धान्याच्या डब्यापर्यंत जाते, अन् सँडरची ती छोटी पिशवी निम्मी धूळ बाहेरच सोडते. त्यावर हे करा.

१. सँडरचं धूळ बाहेर टाकायचं तोंड अन् व्हॅक्यूमचा पाइप, दोन्हींची साइज बहुतेक जुळत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्हीवर चढवा, वरून होज क्लिप आवळा. ट्यूब ताणली जाते म्हणून कुठंच फट राहत नाही, महागडा अडॅप्टर घ्यायची गरजच नाही.

२. सँडर अन् व्हॅक्यूमच्या मधी रंगाची २० लिटरची रिकामी बादली ठेवा, झाकणाला दोन भोकं पाडा. सँडरकडून येणाऱ्या पाइपला आत एल्बो (वाकडा जोड) लावून तोंड बादलीच्या कडेला वळवा म्हणजे हवा गोल फिरते अन् जड धूळ खालीच बसते, व्हॅक्यूमकडं जाणारा पाइप मात्र झाकणाच्या मधोमध. भोकांभोवती एम-सील लावा. पातळ बादली घेऊ नका, पाइप तुंबला की ती आत चेपते.

३. कूलर बंद ठेवा, त्यानं सगळं परत उडतं. म्हणून काम सकाळीच उरकलेलं बरं. खाली ओलं गोणपाट अंथरा, अंगण धुवायला टँकरचं पाणी घालवायचं काम नाही.

एन-९५ मास्क तरी लावाच, रुमालानं बारीक धूळ अडत नाही. अन् ह्याच व्हॅक्यूमला लोखंड घासायचा ग्राइंडर कधीच जोडू नका, ठिणगी आत गेली तर लाकडाची भुकटी पेट घेते.