दमट हवेतला पहिला हेडफोन कसा निवडावा

हेडफोन घेताना बहुतेक जण आधी बास किती आहे ते विचारतात. देवगड-मालवणात राहणाऱ्याने आधी कानावरची गादी कशाची आहे ते विचारावं. बहुतेक गाद्या कृत्रिम चामड्याच्या असतात. घाम आणि दमट हवेने ते चामडं सुटतं आणि त्याचे काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. म्हणून गाद्या बदलता येतात का, सुट्या मिळतात का, हे पैसे देण्याआधी बघा. मखमली गाद्यांचे पापुद्रे निघत नाहीत, पण त्या घाम पितात, धुवाव्या लागतात. आणि जुलैत आपल्याकडे वाळतं काय? वायर काढता-घालता येणारी असेल तर फारच बरं, कारण आधी तुटते तीच.

मग ऐकणार कुठे ते ठरवा. ओपन-बॅक हेडफोनच्या कपांना मागून जाळी असते. आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचं सगळं आत येतं. पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यात गाणं ऐकायचं तर आवाज वाढवतच जावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. तेव्हा पहिला हेडफोन क्लोज्ड-बॅकच, म्हणजे मागून बंद कपांचाच घ्यावा, असं माझं मत. कोकण रेल्वेने वरचेवर मुंबई गाठणाऱ्यांना नॉइज कॅन्सलिंगचा उपयोग होतो. गाडीची सलग घरघर त्याने दबते, शेजारच्यांच्या गप्पा तितक्या नाही.

ब्लूटूथ सोयीचं खरं, पण त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. कीबोर्डचा रियाझ किंवा रेकॉर्डिंग करायचं असेल तर वायरचाच घ्या.

आता ओहम, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप. १६ ते ३२ ओहमचे बहुतेक हेडफोन मोबाइलवर नीट वाजतात. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आवाजाचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारा जोड, पुरतो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र वेगळा अँप्लिफायर लागतो. नुसत्या ओहमवर जाऊ नका, सेन्सिटिव्हिटीचा आकडाही बघा. तो जास्त असेल तर कमी ताकदीतही आवाज मोठा येतो. सुरुवातीला बजेटचा मोठा भाग हेडफोनवरच घाला, अँप्लिफायर मागाहून बघता येईल.

दुकानात चाचणीला डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं चांगलं रेकॉर्डिंग न्या. दुकानदार हसला तर हसू दे. पखवाजाच्या डाव्या बाजूचा, कणीक लावलेला घुमारा भरीव यायला हवा, पण त्याने बुवांचे शब्द गिळता कामा नयेत. पेटी आणि गळा वेगळे ओळखू यावेत. झांज कानाला टोचत असेल तर तो हेडफोन परत ठेवा. तासभर ऐकलंत तर डोकं धरेल.

घरी जोडल्यावर गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरकडून येणाऱ्या विजेत किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. हेडफोन बदलून उपयोग नाही. वीज कडाडू लागली की अँप्लिफायरची पिन बोर्डातून काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वापरून झाल्यावर गाद्या कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ पंख्याखाली ठेवा आणि मग सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घाम तसाच ठेवून डबा बंद केलात तर आत बुरशी धरते.